दीड टक्का लाल माती

पहाटे ५.३०

सायडिंगवर रेक लागल्याचा फोन. ओडिशातल्या एका ॲल्युमिना रिफायनरीतून आलेला रेड मड, म्हणजे तिथे मागे उरणारी लाल माती, अठ्ठावन्न वॅगन, सगळा मिळून ३,९०० टनांच्या आसपास. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सिमेंट कारखान्यात तो लोहासाठी वापरतात. इथल्या चुनखडीत लोह पुरेसं नाही, आणि लोह कमी पडलं की भट्टीत माल नीट भाजला जात नाही. पूर्वी ही तूट फक्त लॅटराइटने, म्हणजे जांभ्याने, भरून काढत. त्यासाठी कुठला तरी डोंगर खणावा लागायचा. आता त्यातला मोठा वाटा हा रेड मड उचलतो.

प्रयोगशाळेची जबाबदारी माझ्याकडे आहे. एरवी मी आठला जाते, रेकच्या दिवशी मात्र अंधारातच निघावं लागतं. वॅगन रिकाम्या करायला रेल्वे मोजके तास देते, पुढे डेमरेज चढतं. शिवाय माल एकदा ढिगावर पडला की कुठल्या वॅगनमधला कसा होता हे कुणालाच सांगता येत नाही. नमुने वॅगनमधूनच घ्यायला हवेत.

सकाळी ६.१५

रात्रभर पाऊस झालाय. पोळा होऊन आठवडा उलटला तरी उघडीप नाही, आणि वॅगन तर उघड्याच येतात. पोकलेनचा बकेट खाली जातो, भरून वर येतो, आणि उलटा केला तरी निम्मा माल बकेटलाच चिकटून राहतो.

"मॅडम, वॅगनले चिपकून रायलं सारं, निंघूनच नाही रायलं," पोकलेनवरचे भाऊ वरून ओरडतात.

"तळाचं राहू द्या भाऊ, मागून फावड्याने काढू. आधी मला मधला घेऊ द्या."

हातमोजा घालून मी एक ढेकूळ उचलते. मड म्हणत असलो तरी हा चिखल नव्हे. रिफायनरीत तो फिल्टर प्रेसच्या कापडात दाबून त्याचं पाणी काढतात, चक्का बांधतो तसं. त्यामुळे त्याच्या जाड वड्या पडतात. वडी मोडली की आत गर्द विटकरी रंग, कुठेही दाणा नाही, आणि स्पर्श साबणासारखा बुळबुळीत. हा बुळबुळीतपणा कॉस्टिक सोड्याचा. कातडीला लागला तर आधी काहीच जाणवत नाही, आग नंतर सुरू होते. नव्या मुलांना पहिल्या दिवशी आम्ही दुसरं काही शिकवत नाही: हातमोजे, गॉगल, आणि डोळ्यात उडालं तर आधी पंधरा मिनिटं पाण्याची धार, बाकी सगळं नंतर.

दर पाचव्या वॅगनमधून नमुना घ्यायचा, वरचा, मधला आणि तळाचा. सगळे ताडपत्रीवर ओतून कालवायचे, ढीग करायचा, ढिगाचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. किलोभर उरेपर्यंत हेच. आमचे सॅम्पलिंगचे काकाजी हे काम इतक्या निगुतीने करतात की त्यांच्या हातचा नमुना मी डोळे झाकून घेते. प्रयोगशाळेतलं यंत्र कितीही महागाचं असलं तरी ते फक्त समोर ठेवलेल्या चिमूटभर मालाबद्दल सांगतं. ती चिमूट ३,९०० टनांच्या वतीने बोलणारी असावी, हे काम काकाजींचं.

सकाळी ७.४५

शंभर ग्रॅम माल ट्रेमध्ये पसरून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये. घाईसाठी वेगळा मॉइश्चर बॅलन्स आहे, त्यावर लगेच आकडा येतो: २६ टक्के.

म्हणजे या रेकमध्ये हजार टनांहून जास्त नुसतं पाणी आहे. शेकडो किलोमीटर आम्ही ते भाडं भरून आणलं, आणि आता कोळसा जाळून उडवणार. रेड मडच्या उपयोगाबद्दल मोठमोठी भाषणं होतात, त्यात लोहाचा, टायटॅनियमचा, दुर्मिळ मूलद्रव्यांचा उल्लेख हमखास असतो. पाण्याचा नसतो. खरं तर हा माल रिफायनरीच्या दारातून बाहेर पडणार की तिथेच डोंगर होऊन राहणार, हे बरंचसं पाणीच ठरवतं. पाण्याचं प्रमाण पाच टक्क्यांनी उतरलं तर त्याच भाड्यात जास्त माल येतो, हॉपर तुंबत नाही आणि भट्टीचं इंधनही वाचतं. फिल्टर प्रेस बसवलेल्या रिफायनऱ्यांचा रेड मड सिमेंटवाल्यांना चालतो, आणि पातळ गाळ तलावात सोडणाऱ्यांचा चालत नाही, त्याचं मोठं कारण हे.

यार्डात निरोप देते: नवा माल जुन्या ढिगात मिसळायचा नाही. शेडखाली पसरवा, लोडरने उलटापालटा करा, आणि हॉपरला देताना त्यात कोरडा जांभा मिसळा. नुसता गेला तर वेफीडरच्या, म्हणजे माल तोलून सोडणाऱ्या पट्ट्याच्या, तोंडाशी पूल बांधून बसेल.

सकाळी ९

माल वाळला, रिंग मिलमध्ये दळला, बाइंडर घालून प्रेसखाली त्याची गोळी केली. क्ष-किरणांनी घटक मोजणाऱ्या एक्सआरएफ यंत्रात ती ठेवली की मिनिटभराच्या आसपास पडद्यावर आकडे येतात.

लोह ४५, ॲल्युमिना १९, टायटॅनियम ५. ठीक आहे.

सिलिका साडेदहा. नेहमी आठ असते.

सोडा ५.६. नेहमी चार.

शिफ्टची मुलगी माझ्याकडे बघते, मी दुसरी गोळी करायला सांगते. दुसऱ्या गोळीचाही आकडा तोच.

इथे थोडं मागं जायला हवं. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल योसेफ बायर यांनी १८८८ मध्ये ज्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तीच आजही जगभर चालते. बॉक्साइट दळायचं, गरम कॉस्टिक सोड्यात दाबाखाली शिजवायचं. ॲल्युमिना विरघळतो, लोह, टायटॅनियम आणि बाकीचं न विरघळता खाली बसतं. ते खाली बसलेलं म्हणजे रेड मड. एक टन ॲल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन. जगात दर वर्षी १८ कोटी टनांच्या आसपास तो तयार होतो, आणि आजवरचा साठा चार अब्ज टनांच्या वर गेला आहे.

सोडा महाग असतो, म्हणून रिफायनरी हा गाळ पुन्हा पुन्हा धुऊन सोडा परत मिळवते. पण सगळा मिळत नाही. बॉक्साइटमधली मातीसारखी सिलिकाही सोड्यात विरघळते, मग सोडा आणि ॲल्युमिना दोघांना धरून सोडालाइट नावाचं खनिज बनून पुन्हा खाली बसते. त्यात अडकलेला सोडा पाण्याने कितीही धुतला तरी निघत नाही. म्हणून सिलिका वाढली की सोडाही वाढतो. आजचे दोन आकडे एकमेकांना धरून आहेत.

सकाळी १०

रोजची बैठक. उत्पादन, कोळशाचा साठा, पॅकिंग, गेटवरच्या गाड्या. राखेच्या बल्करचा विषय निघतो. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची राख आज इथल्या सिमेंटचा हक्काचा कच्चा माल आहे. पीपीसी सिमेंटमध्ये मानकाप्रमाणे ती १५ ते ३५ टक्के घालता येते. मी बोलते तेव्हा एवढंच सांगते की नव्या रेकचा सोडा जास्त आहे, दुपारी दोनपर्यंत प्रमाण कळवते. उत्पादनवाल्यांना प्रमाण कमी झालेलं नको असतं, कारण रेड मड जांभ्यापेक्षा स्वस्त पडतो. मलाही नको असतं, कारण वेगळं आहे.

सकाळी ११

कागद-पेन्सिलचं काम. संगणकावर होतं, पण असा निर्णय मी हाताने मांडून बघते.

आमच्या कच्च्या मिश्रणात रेड मड दीड टक्का असतो. बाकी बहुतेक चुनखडी. नेहमीचा चार टक्के सोडा धरला तर दीड टक्क्याबरोबर मिश्रणात ०.०६ टक्के सोडा येतो. एक टन क्लिंकरला, म्हणजे भट्टीतून भाजून निघणाऱ्या मालाला, साधारण दीड टन मिश्रण लागतं, म्हणून क्लिंकरमध्ये तो ०.०९. चुनखडी, माती आणि कोळशाच्या राखेतून आलेला अल्कली (सोडा त्यातलाच) ०.४८ आहे. बेरीज ०.५७.

ज्या ठिकाणची खडी अल्कलीशी प्रतिक्रिया करणारी असते, तिथल्या गिऱ्हाइकाला ०.६० च्या आतलं सिमेंट लागतं. नाही तर काँक्रीट वर्षानुवर्षं आतून फुगत जातं आणि तडकतं. धरणाच्या भिंतीत असं झालं तर दुरुस्ती जवळजवळ अशक्य.

आता नव्या रेकचा सोडा: ५.६. दीड टक्क्याला क्लिंकरमध्ये ०.१२६. बेरीज ०.६०६.

चिमूटभर फरक, पण मर्यादेच्या पलीकडचा. एक टक्क्यावर आणलं तर ०.०८४, बेरीज ०.५६४.

आता हा सोडा किती मोकळा आणि किती बांधलेला, ते बघायचं. दहा ग्रॅम माल शंभर मिलीलिटर शुद्ध पाण्यात ढवळून गाळायचा. गाळण दिसायला स्वच्छ, पीएच ११ च्या वर. ते फ्लेम फोटोमीटरच्या नळीला लावलं की निळसर ज्योत क्षणात पिवळीधमक होते. सोडियम लपत नाही. पण आकडा बघितला तर मोकळा सोडा एक टक्कादेखील नाही. उरलेला सगळा सोडालाइटच्या आत. म्हणजे इथे यार्डात पाणी मारून धुवायची जी सूचना दर पावसाळ्यात कुणीतरी करतं, तिचा उपयोग नाही. उलट अल्कलीचं पाणी नाल्यात जाईल. या सोड्याला सोडवणारी जागा एकच, आमची १,४५० अंशांची भट्टी.

दुपारी १२.३०

रिफायनरीच्या प्रयोगशाळेला फोन. तिकडचे सर चांगले जाणकार आहेत, नेहमी अदबीने बोलतात.

"सर, या रेकची सिलिका साडेदहा लागलीये. काही बदललंय का?"

ते लपवत नाहीत. खाणीतल्या नव्या भागातलं बॉक्साइट सुरू झालंय, त्यात सोड्यात विरघळणारी सिलिका जास्त आहे. आणखी काही आठवडे तेच चालणार.

"मग हे रेक भरायच्या आधी कळवायला हवं होतं, सर. ॲल्युमिनाच्या प्रत्येक लॉटबरोबर टेस्ट रिपोर्ट जातो ना तुमचा? याच्याबरोबर का जात नाही?"

पलीकडे थोडी शांतता. मग ते म्हणतात, "मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण तो विभाग वेगळा आहे."

दोष त्यांचा एकट्याचा नाही. ॲल्युमिना त्यांच्यासाठी माल आहे आणि रेड मड विल्हेवाट. पण जो पदार्थ दुसऱ्या कारखान्याच्या पाककृतीत रोज मोजून पडतो, त्याला विल्हेवाटीच्या नियमाने वागवून भागत नाही. पाणी किती, सोडा किती, सिलिका किती, हे रेक सुटायच्या आधी लिहून आलं पाहिजे आणि ठरल्या मर्यादेत आलं पाहिजे. वर्षभर एकसारखा रेड मड मिळाला तर मी दीडचे दोन टक्के करून दाखवेन. जो आज चार आणि उद्या साडेपाच सोडा घेऊन येतो, त्याच्यासाठी मला कायम हात राखूनच प्रमाण ठरवावं लागतं, आणि तेवढा माल तिकडच्या डोंगरावर राहतो.

त्यांच्याकडून मी एवढं वदवून घेते की पुढच्या रेकचा रिपोर्ट लोडिंगच्या दिवशीच ईमेलवर येईल.

दुपारी १.१५

डबा. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा.

दुपारी २

सीसीआर, म्हणजे कंट्रोल रूम. भट्टी चालवणारे ज्येष्ठ ऑपरेटर पडद्यांच्या रांगेसमोर बसलेले. मी प्रमाण सांगायच्या आधीच ते म्हणतात, "मॅडम, खालच्या सायक्लोनचा प्रेशर वरखाली होऊन रायला न. सकाळपासून दोनदा पोकिंग केलं."

त्यामागेही अल्कलीच असतो. भट्टीच्या गरम टोकाला तो वाफ होतो, वायूबरोबर मागे प्रीहीटरकडे, म्हणजे कच्ची भुकटी आधी तापवणाऱ्या सायक्लोनच्या मनोऱ्याकडे, जातो, तिथे थंड होऊन गंधक-क्लोरीनच्या साथीने भिंतीला चिकटतो. त्यावर कच्ची भुकटी बसते, खपली वाढते, एक दिवस सायक्लोनचं तोंड बुजतं. मग माणसांना उंच मनोऱ्यावर चढून लांब सळईने आणि हवेच्या झोताने ती पाडावी लागते. आत तापलेली भुकटी, ती कधी अंगावर येईल याचा नेम नाही. रेड मडचं प्रमाण ठरवताना माझ्या डोळ्यासमोर गिऱ्हाइकाच्या आधी मनोऱ्यावरची ती दोन माणसं असतात.

"भाऊ, दीडचा एक टक्का करा. जांभा पाऊण टक्क्याने वाढवा, लोह तेवढ्यात भरून निघेल. तासातासाने रॉ मिलचा नमुना बघू."

ते मान डोलावतात, पण त्यांना रेड मड आवडतो. लोह वाढलं की मिश्रण लवकर पाघळतं, क्लिंकरचा गोळा चांगला बांधला जातो, भट्टीवर ताण कमी पडतो. "एकसारखा आला तर याच्यापेक्षा चांगला माल नाही जी," असं ते नेहमी म्हणतात. रिफायनरीला केलेल्या माझ्या लांबलचक फोनचा सारांश त्यांनी मला आधीच ऐकवून ठेवलेला आहे.

दुपारी ३.३०

नागपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे चार विद्यार्थी. प्रोजेक्ट: रेड मडच्या विटा. त्यांनी एक वीट करूनही आणलीय, रंग सुंदर आणि हाताला चांगली जड.

मी ती बशीतल्या पाण्यात उभी करते आणि त्यांना बोलत ठेवते. त्यांचे प्रश्न चांगले आहेत. लोह काढता येत नाही का? येतं. ड्युसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०२४ च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये दाखवलं की हायड्रोजन मिसळलेल्या प्लाझ्मामध्ये रेड मड वितळवला तर साधारण दहा मिनिटांत त्यातून लोखंडाचे गोळे वेगळे होतात. काम हातावर मावेल एवढ्या, ग्रॅममध्ये मोजायच्या मालावर झालं होतं. भोपाळच्या ॲम्प्री या प्रयोगशाळेने क्ष-किरण अडवणाऱ्या, शिसं नसलेल्या टाइल रेड मडपासून केल्या आहेत. तुमच्याच नागपुरात वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन बसा, असं मी त्यांना सांगते. हे सगळं काम मोलाचं आहे, आणि त्यातलं काही पुढे मोठंही होईल. पण क्ष-किरणांच्या खोल्या देशात किती, आणि रेड मड किती! कोट्यवधी टनांचा माल कोट्यवधी टनांच्या धंद्यातच जिरतो. असे धंदे तीन-चारच आहेत: सिमेंट, रस्ते, विटा, भराव.

तासाभराने विटेच्या वरच्या कडेवर पांढरी साय दिसायला लागते. लोणा. आतला मोकळा सोडा पाण्याबरोबर वर चढला आणि हवा लागून पांढरा पडला. घराच्या भिंतीत हेच झालं तर गिलावा सोलून निघतो. मुलांचे चेहरे पडतात, पण मी त्यांना सांगते की हा प्रयोग वाया गेलेला नाही. विटेचं भाजण्याचं तापमान वाढवून बघा, रेड मडचा वाटा कमी करून राख वाढवा, म्हणजे सोडा काचेत बांधला जाईल. आणि एक चाचणी अजिबात टाळायची नाही. बॉक्साइटमध्ये थोरियम-युरेनियम किंचित असतात, ॲल्युमिना निघून गेल्यावर मागे राहिलेल्यात त्यांचं प्रमाण वाढतं. ज्या विटांच्या खोलीत माणसं झोपणार, तिचं किरणोत्सर्गाचं मोजमाप झालंच पाहिजे. आमच्या दीड टक्क्यात तो प्रश्न उरत नाही, तुमच्या पन्नास टक्क्यांत उरतो.

एक मुलगी विचारते, "मॅडम, मग एवढा त्रास कशाला? राहू दे ना तलावातच."

मी तिला आयका सांगते. हंगेरीतलं गाव. ४ ऑक्टोबर २०१० ला तिथल्या तलावाचा बांध फुटला, सात ते दहा लाख घनमीटर लाल गाळ कोलोन्तार आणि देवेचेर या गावांतून गेला. दहा माणसं मेली, कितीतरी जण कॉस्टिकने भाजले, पुढच्या नदीतलं जीवन संपलं. आपल्याकडे ९ एप्रिल २०१९ ला झारखंडमधल्या मुरीला साठवणीचा ढीग कोसळला. फ्रान्समध्ये गार्दानच्या कारखान्याचा लाल गाळ २०१५ अखेरपर्यंत नळाने भूमध्य समुद्राच्या तळाशी सोडत होते. तलाव ही जागा नव्हे, ते फक्त पुढे ढकलणं आहे.

माझ्या माहेरच्या बाजूला, कोल्हापूरच्या डोंगरी तालुक्यांत, सड्यांवरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांवरून, बॉक्साइट निघतं आणि बेळगावच्या रिफायनरीत जातं. सडा एकदा खणला की त्याच्यावरची ती पावसाळी फुलं आणि खालचे झरे कुणी परत बसवू शकत नाही. निदान जे खणून काढलं, ते सगळंच्या सगळं कामी यावं, एवढी माझी त्या डोंगराशी बांधिलकी आहे. मुलगी पुढे काही विचारत नाही, वहीत 'किरणोत्सर्ग चाचणी' लिहून खाली दोन रेघा मारते.

संध्याकाळी ५.१५

क्यूब फोडायची वेळ. जुन्या रेकच्या मालापासून झालेल्या क्लिंकरचं सिमेंट, एन्नोरची प्रमाणित वाळू, ७०.६ मिलिमीटरचे ठोकळे, आज अठ्ठावीस दिवस पूर्ण. यंत्राचा काटा चढत जातो, ठोकळ्याच्या कडा सुटतात, मग एक कोरडा आवाज. तीनही ठोकळे ५३ मेगापास्कलच्या बऱ्याच वर. शेजारी निव्वळ जांभ्यावर केलेल्या जुन्या मालाच्या नोंदी ठेवल्या आहेत. ताकदीत फरक काढता येत नाही. हे रजिस्टर मी जपून ठेवते. बिल्डर लोक येतात, "सिमेंटमध्ये कचरा घालता म्हणे" असं विचारतात, तेव्हा त्यांच्यापुढे हेच उघडायचं.

संध्याकाळी ६.३०

वॅगन रिकाम्या झाल्या. तळाचा थर फावड्याने काढणारी माणसं गुडघ्यापर्यंत लाल झाली आहेत. गमबूट उतरवायच्या आधी सगळ्यांनी पाय धुवायचे, आणि ते पाणी नाल्यात न सोडता टाकीत घ्यायचं, हे मी उभी राहून बघते. ढिगाभोवतीच्या चरातलं पाणीही तपासते: पीएच साडेनऊ. पंप लावून ते रॉ मिलच्या फवाऱ्याला वळवलं की झालं.

रात्री ९.३०

सीसीआरमधून फोन. एक टक्क्यावर आल्यापासून सायक्लोनचा प्रेशर स्थिर आहे, पोकिंग करावं लागलेलं नाही. फ्री लाइम, म्हणजे क्लिंकरमध्ये मोकळा उरलेला चुना, १.२. आठच्या क्लिंकरचा अल्कली ०.६० च्या आत.

रात्रपाळीच्या केमिस्टला सांगते: जुना ढीग आधी संपवा, शेडमधल्या नव्या मालाला पहाटेपर्यंत हात लावू नका, आणि सहाच्या नमुन्याचा सोडा मला लगेच कळवा. तोवर मी रिफायनरीला पाठवायचा कागद पुरा करते. पाणी २२ च्या आत, सोडा साडेचारच्या आत, सिलिका नऊच्या आत, आणि सही करणाऱ्या केमिस्टचा फोन नंबर. दर कमी करून मागितलेला नाही. या मर्यादेत माल आला तर टनामागे थोडे जास्त द्यावेत, अशी शिफारस मी आमच्या खरेदी विभागालाही त्याच ईमेलमध्ये केली आहे.